तेराव्या वर्षाची जबाबदारी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या की आठवीच्या वर्गात हिवाळी शिबिराची सूचना वाचली जाते. तीन दिवस तंबूत मुक्काम, डोंगरचढाई, दोराच्या आधाराने कडा उतरणे, रात्री आकाशदर्शन. व्यापारी कुटुंबांत या सूचनेवर पहिला विचार होतो तो धोक्याचा आणि दुसरा जेवणाचा. दोन्ही रास्तच आहेत. मात्र तिसरा विचार क्वचितच होतो: तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर आज घरात नेमकी कोणती जबाबदारी आहे?

दोन-तीन पिढ्यांपूर्वी याचे उत्तर सोपे होते. त्या वयाचा मुलगा शाळा सुटल्यावर पेढीवर बसे, रोजमेळ लिहायला शिके, प्रसंगी परगावच्या नातलगाच्या दुकानी राहायला जाई. रोकड जुळली नाही तर ती जुळेपर्यंत उठायचे नाही, हा धडा त्याला कोणत्याही पुस्तकातून मिळालेला नसे. आज शाळा आणि शिकवण्या यांतच मुलांचा दिवस संपतो. दुकानाशी अनेकांचा संबंध उरतो तो लक्ष्मीपूजनापुरता. मुलाची चूक त्याच्या ध्यानी येण्याआधीच मोठ्यांनी निस्तरलेली असते. हे प्रेमापोटीच घडते; पण आपल्या हातून झालेल्या कामाचा परिणाम सोसण्याची संधी त्यात हरवते.

अशा शिबिरांच्या इतिहासात एका व्यापाऱ्याचाही वाटा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजे बुडत असताना जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांना एक गोष्ट खटकली. जीवरक्षक नावांमध्ये धडधाकट तरुण खलाशी लवकर धीर सोडत आणि वयस्कर खलाशी तग धरत, असे त्यांचे मत झाले. उणीव शक्तीची नव्हती, अनुभवाची होती. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या साथीने त्यांनी 1941 मध्ये वेल्समधील अॅबरडोव्ही येथे तरुणांसाठी प्रशिक्षणशाळा काढली. तिचे नाव ‘आउटवर्ड बाउंड’, म्हणजे बंदर सोडून निघालेले जहाज.

महाराष्ट्रातील मुलांसाठी असे बंदराबाहेरचे पाणी म्हणजे सह्याद्री. 1646 मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर. पायथ्याच्या बारी गावातून निघालेली वाट शेतांमधून वर चढते आणि उभ्या कातळापाशी लोखंडी शिड्यांवर येते. तिथे वडिलांचे नाव उपयोगी पडत नाही. पुढच्याचा पाय सुटेपर्यंत मागच्याने थांबायचे, एवढाच नियम चालतो. जपून पाऊल टाका, दगड उगाच उलटू नका, त्याखाली विंचू असेल, असे मार्गदर्शक बजावतात. चालताना चार हात पुढची जमीन निरखावी, पायाखाली जीव येऊ नये, ही ईर्यासमितीची शिकवण ज्या मुलांनी साधू-साध्वींच्या विहारात पाहिली आहे, त्यांना हे बजावणे परके वाटत नाही.

अशाच एका शिबिरात कापड व्यापाऱ्याच्या घरातील एका तेरा वर्षांच्या मुलीकडे आठ जणांच्या गटाची मोजणी सोपवली होती. तिचा चौविहाराचा नेम. आजीला चिंता एकच, पोर उपाशी राहील. शिखरावरून उतरताना एका मैत्रिणीचा पाय मुरगळला आणि गटाची गती निम्म्यावर आली. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पुढच्या गटाबरोबर निघालीस तर जेवणाच्या वेळेला तळावर पोहोचशील, असे शिक्षिकांनी सुचवले. ती म्हणाली, “बाई, माझे आठ पूर्ण झाल्याशिवाय मी कशी जाऊ?” तिने वाटेतच पिशवीतला खाकरा खाल्ला, पोटभर पाणी प्यायली आणि सूर्यास्तापूर्वी पच्चक्खाण घेतले. अंधार पडल्यावर आठही जणी तळावर आल्या. तिच्यासाठी झाकून ठेवलेले ताट तिने त्या मैत्रिणीपुढे सरकवले.

घरी ऐकल्यावर आजीचे डोळे भरून आले. नेम घरात पाळणे तुलनेने सोपे असते. तिथे घड्याळ पाहणारी दहा माणसे असतात. डोंगरावर तो तिचा तिनेच सांभाळला, आणि त्यासाठी मैत्रिणीला मागे सोडले नाही.

म्हणून शिबिराला होकार देण्याआधी पालकांनी शाळेला खोलात जाऊन प्रश्न विचारावेत. प्रशिक्षक कुठे शिकले आहेत, किती मुलांमागे एक जण असतो, दोर आणि शिरस्त्राणे कोण तपासतो, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, सूर्यास्तापूर्वी जेवण आणि गाळून उकळलेले पाणी मिळेल का? व्यापारी माणूस माल पारखल्याशिवाय घेत नाही. इथेही तीच दृष्टी हवी. उत्तरे समाधानकारक नसतील तर नकार देण्यात संकोच नसावा.

आणि ती समाधानकारक असतील तर पिशवी मात्र मुलाला स्वतः भरू द्यावी. एखादा मोजा किंवा विजेरी राहून जाईल. ती आठवण करून देण्याचा मोह आईवडिलांनी आवरावा. तीन दिवस विजेरीवाचून काढलेला मुलगा चौथ्यांदा ती विसरत नाही, पहिल्यांदाच लक्षात ठेवतो.