यक्षाची दुपार

नागपूरहून रामटेक पन्नासेक किलोमीटर. गडावर माकडं, देवळं आणि कालिदास स्मारक. शाळेच्या सहलीत प्रत्येकाला एकदा तरी ऐकवलं जातं की कालिदासाने 'मेघदूत' इथेच लिहिलं. अभ्यासकांचं म्हणणं खरं तर एवढंच, की काव्यातला रामगिरी म्हणजे रामटेक असावं. वा. वि. मिराशींनी ही बाजू लावून धरली, इतरांनी दुसरे डोंगर सुचवले. मी नागपूरची, त्यामुळे माझं मत काय असणार ते सांगायला नको.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कामात हयगय केली म्हणून यक्षाला एक वर्ष हद्दपारी. आठ महिने गेले, चार उरले, आषाढात ढग दिसला आणि त्याने ढगालाच निरोप्या केलं. आपण त्यातला विरह बघतो. मला हल्ली वेगळंच काही दिसतं. याच काव्यात यक्षांच्या अलका नगरीचं वर्णन आहे, आणि तिथे तारुण्याशिवाय दुसरं वयच नाही. म्हणजे ज्याला म्हातारपण माहीत नाही अशा यक्षाला रामटेकवर चार महिने काढवेनात! मग तो ढगाला रस्ता सांगत बसतो. वाटेत कोणती नदी, कोणता डोंगर, थोडी वाकडी वाट होईल पण उज्जैनला जाच. हातात फोन नसलेल्या माणसाचं स्क्रोलिंग ते. फरक एवढाच, की त्याला प्रत्येक नदी नावानिशी आठवते आणि मला रात्री झोपताना दिवसभरातली एक रील आठवत नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण आमचे बाबा. सरकारी बांधकाम खात्यात आयुष्य गेलं, ५८ व्या वर्षी रिटायर झाले, आता ६१. त्यांना शंभर वर्षं जगायचंय आणि हे ते थट्टेत म्हणत नाहीत. पहाटे पाचला अंबाझरीला फिरायला. आल्यावर आवळ्याचा रस. जेवणात जवसाची चटणी हवीच. हातात पावलं मोजणारं घड्याळ. ब्रायन जॉन्सन नावाचा अमेरिकन श्रीमंत माणूस न मरण्यासाठी काय काय करतो, त्याचे व्हिडिओ ते मला फॉरवर्ड करतात. तो माणूस संध्याकाळचं जेवतच नाही, याचं बाबांना फार कौतुक. स्वतः मात्र रात्री दोन पोळ्या खातात.

साडेअकरापर्यंत हे सगळं आटोपतं. पेपर टेंडर नोटिशींसकट वाचून होतो. आणि मग दुपार लागते.

नागपूरची मे महिन्यातली दुपार ज्याने काढली नाही त्याला सांगून कळणार नाही. नवतपा सुरू, बाहेर ४५, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, घरात कूलरचा एकसुरी आवाज आणि ओल्या वाळ्याचा वास. बाबा फ्रिज उघडतात, बंद करतात. कपाटातल्या फायली काढून परत लावतात. हातात घड्याळ असून मला विचारतात, "किती वाजले गं?" दोन वाजलेले असतात. थोड्या वेळाने पुन्हा विचारतात, तेव्हा दोन वीस.

अशाच एका दुपारी ते म्हणाले, "शंभरपर्यंत गेलो तर अजून ३९ वर्षं. एवढ्या दुपारी करायचं काय?" मी मोबाइलवर गुणाकार केला. १४,२३५. आकडा त्यांना सांगितला नाही.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतात जन्मणाऱ्या मुलाचं सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं. आता ते ७० च्या घरात आहे. त्या ३२ मध्ये लहानपणीच गेलेली पोरं जास्त, हे खरं. तरी बाबांच्या आजोबांच्या पिढीत रिटायर होऊन तीस-चाळीस वर्षं काढणं ही गोष्ट कुणाच्या हिशेबात नव्हती. लस, अँटिबायोटिक, नळाचं पाणी यांनी आपल्याला वर्षं मिळवून दिली. ती दिवसाच्या कोणत्या भागात जोडली जाणार, हे कुणी विचारलं नाही. आमच्या घरी तरी ती सगळी दुपारीच जोडली गेली.

आईच्या वाट्याला मात्र ती आलेली दिसत नाहीत. तिच्या मे महिन्यात कुरड्या, पापड, मूगवड्या असतात, आणि बाकीच्या अकरा महिन्यांत बाकीचं. किती जगायचं विचारलं तर म्हणते, "हातीपायी धड असताना न्यावं." मला हे ऐकायला आवडत नाही. शंभर वर्षांची हौस परवडायला आधी दुपार मोकळी असावी लागते, असं मला वाटतं.

त्या दिवशी बाबांचा वेळ जावा म्हणून मी त्यांना नागार्जुनाची गोष्ट सांगितली. रामटेकजवळ त्याच्या नावाची टेकडी आहे, पण ही गोष्ट ह्युएन त्संग या चिनी प्रवाशाने सातव्या शतकात दक्षिण कोसलाबद्दल लिहून ठेवली. नागार्जुनाला रसायन ठाऊक होतं. ते घेऊन तो स्वतः आणि त्याचा राजा शेकडो वर्षं जगले. राजाची मुलं-नातवंडं म्हातारी होऊन मेली, राजा तसाच. शेवटी धाकट्या राजपुत्राने आईला विचारलं, माझी पाळी कधी? आईने उपाय सांगितला: नागार्जुन कुणाला नाही म्हणत नाही, त्याचं डोकं माग. राजपुत्राने मागितलं. नागार्जुनाने सुक्या गवताच्या पात्याने स्वतःची मान कापून दिली. राजा त्या दुःखाने गेला.

"राणीनेच सांगितलं ना?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. पुढे काही बोलली नाही.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग एवढी शेकडो वर्षं तो राजा करत काय होता?"

ते मला माहीत होतं. नागार्जुनासाठी तो डोंगर पोखरून विहार बांधत होता. मधेच खजिना संपला, तेव्हा नागार्जुनाने दगडांचं सोनं करून दिलं, असंही त्यात आहे.

"म्हणजे साइट चालू होती," बाबा सरळ होऊन बसले. "किती मजली?"

"पाच."

"डोंगरात पाच मजले," ते म्हणाले, आणि चष्मा पुसून पेन शोधायला लागले. "दगड कोणता होता, लिहिलंय का?"