जाळी फार सुंदर आली आहे!

मेव्हण्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना आमच्या गळ्यात मारला. अक्षरशः गळ्यात, पट्टा होता त्याला.

नाशिककर म्हटल्यावर पहिला मान नांदूरमधमेश्वरचा. गोदावरी-कादवेच्या संगमावरचे हे पाणथळ २०२० साली रामसर यादीत गेल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातले पहिलेच! तिथले पक्षी मात्र हेड ऑफिसच्या साहेबांसारखे, फार लांबून दर्शन देणारे. दिवसभरात मी साठ फोटो काढले. त्यांत पक्षी म्हणून जे काही आले होते, ते सौ.ने धूळ समजून पदराने पुसून पाहिले.

तेव्हा मोकळा पक्षी आपल्या ऐपतीबाहेरचा, बांधील गिऱ्हाईकच गाठावे, असा बी.कॉम.ला शोभेसा विचार केला आणि एका रविवारी पंचवटी एक्सप्रेसने भायखळ्याची राणीची बाग गाठली. बाग १८६२ ची. पक्षी पिंजऱ्यात, तोही अगदी समोर. मी बटण दाबले. फोटोत जाळी अशी स्वच्छ उमटली, की एकेक तार मोजून घ्यावी! मागे पक्ष्याच्या जागी रंगाचा एक डाग.

शेजारी एक शाळकरी पोरगा उभा होता. म्हणाला, "काका, कॅमेरा जवळचं आधी पकडतो. फोकस हातानं लावा. फ्लॅश बंद करा, नाहीतर जाळीच चमकेल. सावलीतली जाळी बघा, लेन्स नेता येईल तितकी जवळ न्या, पक्षी मागे सरकेपर्यंत थांबा. आणि एफचा आकडा लहान ठेवा. आकडा लहान, तितकं भोक मोठं."

हे शेवटचे चटकन पटले. आमच्या पगाराचे तरी दुसरे काय आहे?

सांगितले तसे केले आणि चमत्कार! जाळी विरघळली, नुसता पक्षी उरला. पुढे २०२० साली झालेल्या मुक्त पक्षिविहारात तर माणसांनीच आत जायचे असते. सौ. बिचकली. मी सराईतपणे शिरलो. बावीस वर्षे कॅश काउंटरच्या जाळीमागे बसतो आहे, पिंजऱ्यात शिरायला मला काय शिकवायचे! एक चित्रबलाक मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता. पेन्शनचा दिवस आठवला.

आमच्या कॉलनीतले एक आजोबा गेली अकरा वर्षे दर महिन्याला माझ्याकडून पेन्शन मोजून घेतात. सकाळी फिरायला जाताना रोज समोरून येतात. मी रोज नमस्कार करतो आणि ते रोज "कोण बुवा हा?" अशा चेहऱ्याने पुढे जातात. म्हातारपण, दुसरे काय, असे मी धरून चाललो होतो.

परवा मी आमच्या गॅलरीत ग्रिलमागे उभा राहून लेन्स पुसत होतो. आजोबा खालून चालले होते. सहज वर पाहिले, थबकले, आणि चेहरा एकदम उजळला.

"अहो, कॅशियरसाहेब! तुम्ही इथं राहता होय? कधी बोलला नाहीत ते!"