आडोसा

मराठीत बाई बाळंत होते आणि कुत्री विते. गाय, म्हैस, शेळी, मांजर, सगळ्या वितातच. माझी आई हा फरक काटेकोर पाळायची. एकतीस वर्षं ती एएनएम होती, म्हणजे गावोगावच्या उपकेंद्रांतली 'नर्सबाई'. निवृत्त होऊन पिंपळगाव बसवंतच्या घरी आली आणि बाळंतपण हा विषयच तिनं बंद करून टाकला. गल्लीत कोणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि कोणी विचारायला आलं, तर "१०८ला फोन करा" एवढंच सांगायची. त्यामुळे डिसेंबरात एका रात्री जेवताना ती म्हणाली, "हिचं बाळंतपण घरीच करावं लागणार," तेव्हा ही नेमकी कोणाबद्दल बोलतेय हे कळायला मला थोडा वेळ लागला.

'ही' म्हणजे खारी. बेकरीतल्या खारीच्या रंगाची, पाच किलोची कुत्री. आपल्याकडे जिला सर्रास पामेरियन म्हणतात तशी, बहुतेक इंडियन स्पिट्झच. महामार्गालगतच्या एका मंगल कार्यालयाच्या भिंतीशी कोणीतरी तिला सोडून गेलं होतं. गळ्यात दोरी, पोट फुगलेलं. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं: सुळ्यांची मागची बाजू झिजून गेली होती. पिंजऱ्याचे गज चावत राहिलेल्या कुत्र्याचे दात असे झिजतात. आचळं लोंबलेली. "पाचेक वर्षांची असेल. अनेकदा व्यालीय. पिल्लांसाठीच ठेवली असणार," डॉक्टर म्हणाले. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्र सरकारचे २०१७चे नियम आहेत. नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. खारीला अर्थात हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याचा पत्ता आमच्याकडे नव्हता.

शेवटच्या दहा-बारा दिवसांत पोटातल्या पिल्लांची हाडं एक्स-रेवर स्पष्ट दिसतात. फोटोत चार कवट्या मोजता आल्या. त्यातली एक इतरांपेक्षा मोठी होती. कुत्रीचे दिवस साधारण ६३ असतात, पण खारीचे कधीपासून मोजायचे हेच माहीत नव्हतं. "आठवडाभर धरा," डॉक्टर म्हणाले. "लहान चणीच्या कुत्रीत पिल्लू अडकायची भीती जास्त असते. नाशिकची गाडी तयार ठेवा."

आमच्या निफाड तालुक्यातली थंडी महाराष्ट्राच्या बातम्यांत येते. पारा सहा-सातवर उतरतो, द्राक्षबागांत लोक पहाटे शेकोट्या पेटवतात. आणि नुकतं जन्मलेलं पिल्लू म्हणजे काय, तर डोळे बंद, कान बंद आणि अंगात थंडीनं कुडकुडण्याचीही सोय नाही. आपण थरथरतो तेव्हा शरीर उष्णता तयार करत असतं. पिल्लाला सुरुवातीचे काही दिवस तेही जमत नाही. गार पडलेलं पिल्लू दूध ओढू शकत नाही, पोटात गेलेलं पचवू शकत नाही. म्हणून आधी ऊब, मग दूध. "माणसाचं पोरही तसंच," आई म्हणाली. "जन्मल्यावर पहिली पाच मिनिटं मी वजन बघायचे नाही. आधी पुसायचं आणि आईच्या अंगावर टाकायचं."

मी कामाला लागले. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून अडीच फूट बाय दोन फुटांची पेटी केली. पुढची बाजू चारच बोटं उंच, म्हणजे तिला पोट न घासता आत जाता येईल पण पिल्लू बाहेर घरंगळणार नाही. आतून कडेकडेनं, तळापासून तीनेक इंचांवर, प्लंबरकडून आणलेला अर्ध्या इंची पाइप बसवला. हा पाइप सगळ्यात महत्त्वाचा. आई कूस बदलताना पिल्लू तिची पाठ आणि भिंत यांच्या मध्ये चेंगरतं. पाइपाखाली त्याला अंग चोरायला जागा राहते.

अंथरुणावरून घरात वाद झाला. भेटायला आलेली प्रत्येक बाई गोधडी घाला म्हणत होती. गोधडी मायेची असते हे खरं, पण तिच्या घडीत शंभर-सव्वाशे ग्रॅमचं आंधळं पिल्लू शिरलं की गुदमरतं. शेवटी गोधडी तळाला गेली, त्यावर वर्तमानपत्रांचे थर, आणि सगळ्यात वर जुनी खरबरीत सतरंजी, चारी बाजूंनी ताणून दाबलेली. नुसत्या कागदावर पिल्लांचे पाय घसरतात, फाकतात. सतरंजीवर नख रुततं.

उबेचा प्रश्न अवघड होता. शेगडीला आईनं पहिल्याच दिवशी नकार दिला. बंद खोलीतल्या कोळशाच्या धुरानं काय होतं ते तिनं पाहिलं होतं. बल्ब लावावा तर बाजारात सगळे एलईडी, ते उजेड देतात आणि गार राहतात. मदत आली पोल्ट्रीवाल्या अण्णांकडून. त्यांच्या शेडमध्ये एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांसाठी पत्र्याची टोपी असलेले पिवळे बल्ब असतात, ब्रूडर म्हणतात त्याला. त्यांनी एक काढून दिला, जाळीसकट, आणि वापरायचं शास्त्रही दिलं: "थर्मामीटर ठेवा, पण बघा पिल्लांकडंच. बल्बखाली ढीग करून बसली तर गार पडलीत. भिंतीला जाऊन चिकटली तर भाजतायत. मजेत पसरली की बरोबर." पुढे डॉक्टरांनी कुत्र्याच्या पिल्लांसाठी अगदी हेच सांगितलं. पहिल्या आठवड्यात पिल्लांपाशी २९ ते ३२ अंश हवेत, मात्र पेटीच्या एकाच कोपऱ्यात. उरलेली पेटी गार ठेवायची, कारण आईच्या अंगावर केस आहेत. तिला उकडलं तर ती पिल्लं टाकून बाहेर जाऊन बसेल.

एवढं सगळं झालं आणि खारी पेटीकडे ढुंकून बघेना.

पेटी मी बाहेरच्या खोलीत ठेवली होती. तिथे प्लग होता, मला कॉम्प्युटरवर काम करता करता लक्ष ठेवता येणार होतं. आईनं दोन दिवस काही म्हटलं नाही, फक्त खारी कुठे जाते ते बघितलं. ती दर दुपारी मधल्या खोलीत शिलाई मशीनच्या मागे, भिंत आणि कपाट यांच्यामधल्या अंधारात जाऊन फरशी उकरत होती. "जागा तिनं सांगितलीय. पेटी तिकडे ने," आई म्हणाली. नेली. मग आईनं कपाटाच्या कडीपासून मशीनपर्यंत दोरी बांधली, आणि ट्रंकेतून एक जुनी पांढरी साडी काढून त्यावर टाकली.

ती साडी नोकरीतली होती. आई तेव्हा पहिल्यांदा हे बोलली. तिच्या सुरुवातीच्या एका उपकेंद्रात एकच खोली होती. टेबल दारासमोर. दाराला कडी नाही. बाई कळा देतेय, आणि दारात सासू, चुलतसासू, लस द्यायला पोरं घेऊन आलेल्या बायका, कोणीही. "मी पडदा मागितला. अर्ज केला. मग स्वतःची साडी दोरीवर टाकली." ती थोडा वेळ थांबली. "बाई घाबरली ना, की कळा मंदावतात. तुम्ही तिला ओरडता, जोर लाव, जोर लाव. ती कुठनं लावणार? तिचं सगळं लक्ष दाराकडे."

हे कुत्रीला तर जास्तच लागू आहे. परकी माणसं, आवाज, उचलाउचल झाली की तिच्या कळा थांबू शकतात. भीतीनं शरीर पळायच्या तयारीला लागतं आणि वेणा देणारं ऑक्सिटोसिन मागे पडतं. खारी याआधी जितक्या वेळा व्याली असेल, बहुधा गजांमागेच, चारी बाजूंनी दिसत. ऊब तिला बल्बनं मिळाली असती. न दिसण्याची सोय आमच्या यादीतच नव्हती. यादी मी इंटरनेटवरून केली होती, ती आईनं साडी टाकून पुरी केली.

त्या संध्याकाळी खारी साडीखालून आत गेली आणि सतरंजीवर तीन फेऱ्या मारून बसली.

आईचं दुसरं काम म्हणजे कागद. बाळंतपणात बाईची प्रगती नोंदवायचा एक तक्ता असतो, पार्टोग्राफ. त्यात एक तिरकी रेघ असते; नोंद तिच्या पलीकडे गेली की वाट बघायची नाही, पुढच्या दवाखान्यात पाठवायचं. आईनं चौकटीच्या वहीत खारीचा पार्टोग्राफ केला. वर तापमान, सकाळ-संध्याकाळ. कुत्रीचं तापमान एरवी १०१-१०२ फॅरेनहाइटच्या आसपास असतं. ते ९९च्या खाली उतरलं की सहसा चोवीस तासांच्या आत कळा सुरू होतात. खाली लाल पेनानं तिच्या रेघा: जोरात कळा देऊन अर्धा तास झाला आणि पिल्लू नाही. दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त गेले. पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव. यातलं काहीही झालं तर नाशिक. तीसेक किलोमीटर. मामेभाऊ गाडी लावून ओट्यावर शाल गुंडाळून झोपायला लागला.

सहाव्या संध्याकाळी तापमान ९८.४ भरलं. खारीनं जेवण सोडलं, कागद फाडायला लागली, धापा टाकायला लागली. साडेअकराला लाइट गेली. रबरी पिशवीत गरम पाणी, वर टॉवेलचे दोन वेढे, ती कोपऱ्यात सरकवली. मी मोबाइलचा टॉर्च लावला तर आईनं तो माझ्या हातातून घेऊन पालथा ठेवला. भिंतीवर जेवढा उजेड पडेल तेवढाच. "आणि अशी तोंडावर बसू नकोस. पाठ कर. कान दे फक्त."

म्हणून खारीचं बाळंतपण मी पाहिलं नाही, ऐकलं. कागदाची खसखस, चाटण्याचा ओला आवाज, मग २.४०ला सुईसारखा बारीक चीत्कार. ३.१५ला दुसरा. तिसरं पायाळू आलं. मी दचकले, पण कुत्र्यांत ते नेहमीचंच, कितीतरी पिल्लं तशीच येतात. दर वेळी आई साडीची कड बोटभर उचलायची, वार पडली का ते बघायची, कागदावर नोंद करायची, कड सोडायची. साडेचारला लाइट आली आणि अण्णांचा बल्ब साडीमागे पिवळा झाला.

चौथं येईना. एक तास. दीड तास. डॉक्टर फोनवर होते; कळा मंद आहेत, आई शांत आहे, दूध पाजतेय, लाल रेघेपर्यंत थांबा म्हणाले. भावानं गाडी सुरू करून ठेवली. एक तास पन्नास मिनिटांनी ते आलं, मोठ्या कवटीचं, आणि आवाज झाला नाही.

या वेळी आईनं साडी पूर्ण बाजूला केली. पिल्लाच्या तोंडातला चिकटा पुसला, डोकं किंचित खाली धरून टॉवेलनं घासायला लागली. लोक पिल्लाला पाय धरून गरागरा फिरवतात; तसं अजिबात करायचं नसतं, मेंदूला इजा होते. ती नुसती घासत राहिली, पाठ, छाती, पुन्हा पाठ. वीस मिनिटं. मी तिच्या हातांकडे बघत होते. आठ वर्षांत त्यांना मी भाजी निवडताना, पेपर चाळतानाच पाहिलं होतं. मग ते थांबले. तिनं पिल्लू खारीपाशी ठेवलं. मी म्हटलं, "अगं आई, तिच्यापाशी कशाला?" "तिला कळू दे. लगेच उचललं तर ती शोधत बसते." खारीनं त्याला चाटलं, बराच वेळ चाटलं, मग नाकानं बाजूला सारून उरलेल्या तिघांकडे वळली. तेव्हा आईनं ते उचललं. कागदावर वेळ लिहिली आणि पुढे एक छोटी फुली केली. रजिस्टरात त्यासाठी वेगळा रकाना असायचा, एवढंच म्हणाली.

शेवग्याखाली पुरलं त्याला, उजाडायच्या आत.

नंतरचे दिवस मात्र बघ्यांशी भांडण्यात गेले. फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ मागणाऱ्यांना आईनं एकच उत्तर दिलं: सुवेर आहे, दहा दिवसांनी. मी हसले तर म्हणाली, "हसू नकोस. सुवेरामुळे बाईला निदान दहा दिवस कोणी हात लावत नव्हतं. दुसरं कोणतं कारण लोकांनी ऐकलं असतं?" हे मला सगळंच पटलेलं नाही; त्याच सुवेरात बायकांना अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत टाकलेलं आहे, आणि ते आईनंच मला सांगितलंय. पण खारीच्या बाबतीत उपयोग झाला खरा. दारापर्यंत येऊन लोक परत गेले.

किचनच्या काट्यावर रोज सकाळी तीन वजनं. पहिल्या दिवशी १३०, १२४, ११८. पहिल्या रात्रीनंतर सगळ्यात लहानचं चार ग्रॅमनी उतरलं, आईनं त्याला मागच्या, जास्त दूध असलेल्या आचळाशी लावलं, मग तेही चढत गेलं. दहाव्या दिवसापर्यंत तिघांचं वजन दुप्पट झालं होतं. बाराव्या दिवशी पहिले डोळे उघडले, निळसर धुकट. डॉक्टरांनी बजावलं होतं की लहान कुत्रीला दूध पाजताना कॅल्शियम कमी पडून झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जास्त. थरथर, ताठ चाल, उगाच अस्वस्थपणा दिसला तर तास न घालवता आणा. म्हणून आम्ही तिची चाल बघत राहिलो. ती सरळ चालत होती. ओट्यावर उन्हात जाऊन पडत होती, पाच मिनिटं, मग दहा, मग चक्क अर्धा तास.

तिसऱ्या आठवड्यात थंडी ओसरली. पिल्लं पेटीत चार दिशांना पसरून झोपायला लागली, बल्बपासून लांब. अण्णांची नवी बॅच यायची होती, ते ब्रूडर न्यायला आले.

"किती जगली?"

"चारातली तीन."

"पाहू तरी," म्हणत अण्णा वाकले आणि त्यांनी साडीला हात घातला. आतून खारी गुरगुरली. आमच्या घरात तिनं काढलेला तो पहिला गुरगुराट.

"अण्णा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "साडी खाली करा. चहा टाकलाय, बाहेर बसा."