बारवेतलं शेवाळ आणि दहापटीचं भिंग

वालूर, श्रावण

प्रिय मित्रा,

‘सगळ्यात जास्त पॉवरचं भिंग कोणतं पाठवू?’ असं तू विचारलंस. सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कार्ल त्साइसनं १८४६ साली जर्मनीतल्या ज्या येनात आपली कार्यशाळा थाटली, तिथं तू राहतोस. तुला हवं ते भिंग मिळेल, हे मला ठाऊक आहे. पण मला दहापटीचंच हवंय. का ते नीट सांगतो, नाहीतर तू हौसेनं शंभरपटीचं घेऊन बसशील.

परवा उघडीप मिळाली तशी पोरांना घेऊन आपल्या चक्राकार बारवेत उतरलो. गावानं गाळ उपसल्यापासून तिच्या पायऱ्यांवरून फिरत खाली जायला फार बरं वाटतं. तळाशी शेवाळाचा केसासारखा धागा मिळाला, तो काचपट्टीवर घेऊन फोल्डस्कोपमध्ये सरकवला. मनू प्रकाश यांच्या या कागदी सूक्ष्मदर्शकात भिंग म्हणजे काचेचा बारीक मणी. मण्याचं गणित सोपं आहे. साध्या काचेच्या मण्याचं नाभीय अंतर त्याच्या व्यासाच्या पाऊणपट असतं. मणी २.४ मिलिमीटरचा, म्हणजे अंतर १.८, त्यानं स्पष्ट दिसण्याच्या २५० मिलिमीटर अंतराला भागलं की जवळजवळ १४० पट! त्या शेवाळाच्या, म्हणजे स्पायरोगायराच्या, पेशीत हिरवी फीत गोल गोल फिरत गेलेली लख्ख दिसली. एक पोरगी ओरडली, “सर, हिच्यात पण बारव आहे!”

तेव्हा मी त्यांना लेवेनहूकची गोष्ट सांगितली. डेल्फ्टचा हा कापड व्यापारी. १६७४ साली त्यानं जवळच्या तळ्याच्या पाण्यात अशाच नागमोडी वळलेल्या हिरव्या रेषा पाहिल्या आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवल्या. त्याच्या सूक्ष्मदर्शकातही एकच इवलंसं भिंग असायचं. कापसाच्या मुलखातली आपली पोरं, त्यांना तो कापडवाला असल्याचंच जास्त अप्रूप.

पण तोच मणी पानांवरचे फुलकिडे बघायला कपाशीच्या फडात नेला आणि सगळं फसलं. नाभीय अंतर मण्याच्या मध्यापासून मोजायचं. त्यातले १.२ मिलिमीटर मण्याच्या पोटातच गेले, बाहेर उरले ०.६. सुरकुतलेलं पान एवढ्या जवळ धरायचं कसं? त्यात पानाच्या आरपार उजेड येत नाही, आणि वरून पडणारा डोक्याच्या सावलीत अडतो. फुलकिडा असतो जेमतेम मिलिमीटरभर. त्याला दहापट केलं की सेंटिमीटरचा होतो, शेतकऱ्याला ओळखायला तेवढं पुरतं. शिवाय दहापटीच्या भिंगाचं नाभीय अंतर २५ मिलिमीटर, म्हणजे पान उलटायला, किडा काडीनं हलवायला जागा राहते. भिंग डोळ्याला भिडवायचं आणि पान जवळ आणायचं. आपल्याकडे बहुतेक जण भिंग पानावर धरून लांबून बघतात, म्हणून त्यांना इवलासा तुकडाच दिसतो.

आता पटीपेक्षा महत्त्वाचं सांगतो. एकाच काचेचं भिंग घेऊ नकोस. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो, त्यामुळे कडांना रंगीत झालर येते. पिवळट फुलकिडा हिरव्या पानावर शोधताना ती झालर फार नडते. क्राउन काचेचं बहिर्वक्र आणि फ्लिंट काचेचं अंतर्वक्र भिंग एकमेकांना चिकटवलं की एकाची चूक दुसरं बरीचशी भरून काढतं. तीन काचांचं मिळालं तर कडेपर्यंत स्पष्ट दिसेल. त्यासाठी दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पट मात्र वाढवू नकोस.

दुकानदार पटीच्याच गोष्टी सांगू लागला, तर तुमच्या गावातलं भौतिकशास्त्रज्ञ आबेचं स्मारक आठव. त्यावर कोरलेलं त्याचं सूत्र मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो. १८७३ साली त्यानं दाखवलं, की किती बारीक दिसेल हे प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्यावर ठरतं. त्यापुढे नुसती पट वाढवली तर आकृती फुगते, नवं काही दिसत नाही.

तर दहापटीचं, जोडकाचेचं, गळ्यात अडकवायला दोरी ओवता येईल असं बघ. टपालानं धाडू नकोस, दिवाळीला येताना खिशातून आण. तोवर कपाशी वेचणीला आलेली असेल. मण्याखाली कापसाचा तंतू बघू. चपटा, पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. आणि बारवेत उतरायचंच आहे.

तुझा,
वालूरकर