गाव हाडात उतरतं

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मी पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र शिकवते. मुलं वर्गात येतात तीच एक समजूत घेऊन: हाड म्हणजे शरीरातला कोरडा, टणक, निर्जीव भाग. अभ्यासासाठीचा सुक्या हाडांचा संच, बोन सेट, हातात पडला की ती समजूत आणखी पक्की होते. जिवंत हाड मात्र ओलसर असतं, त्याला स्वतःचा रक्तपुरवठा असतो, त्याच्या पोकळीत रक्त तयार होतं, आणि आपण झोपेत असतानाही ते कुठे खणलं जात असतं, कुठे भरलं जात असतं. आपण जे पितो, खातो, जेवढं चालतो, वाकतो, उचलतो, ते सगळं त्यात जमा होतं. म्हणून हाडाचा अभ्यास हा माझ्या लेखी आपल्या गावाचाही अभ्यास आहे.

हाडाच्या वजनात साधारण साठ ते सत्तर टक्के खनिज असतं, दहा टक्क्यांच्या आसपास पाणी, आणि उरलेला भाग बहुतांशी कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचा. खनिज म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे अतिसूक्ष्म स्फटिक, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट. घराच्या भिंतीसाठी माती तुडवताना तिच्यात काड मिसळतात. मातीने भिंत उभी राहते आणि काडाने ती तडकत नाही. हाडातही खनिजाने दाब पेलला जातो आणि कोलॅजनने ताण. एक हाड पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात काही दिवस बुडवून ठेवलं की खनिज विरघळून जातं. आकार तोच राहतो, पण हाड इतकं लवचीक होतं की त्याची गाठ मारता येते. उलट बाजू आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. दहनानंतर रक्षा सावडताना हाती येतात त्या अस्थींतलं कोलॅजन जळून गेलेलं असतं आणि राहिलेलं असतं फक्त खनिज. म्हणून त्या पांढऱ्या, हलक्या असतात आणि बोटांच्या दाबानेही फुटतात. गोदावरीत आपण सोडतो ते त्या माणसाने आयुष्यभर अन्नपाण्यातून गोळा केलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट.

ही गोळाबेरीज आईच्या पोटात सुरू होते. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या मांडीत हाड नसतं. हाडाच्या आकाराची मऊ कूर्चा असते. आठव्या आठवड्याच्या सुमारास तिच्या मध्यावर रक्तवाहिन्या शिरतात आणि तिथून हाड बनत दोन्ही टोकांकडे सरकतं. कवटीची चपटी हाडं कूर्चेच्या वाटेला जातच नाहीत, ती थेट पडद्यासारख्या ऊतीत घडतात. आजी रोज तेल घालून भरते ती टाळू म्हणजे अशा हाडांच्या कडा अजून भेटायच्या राहिलेली जागा. ती साधारण दीड वर्षाच्या आसपास बंद होते. गळ्याखालचं आडवं हाड, क्लॅव्हिकल, गर्भात सर्वांत आधी घडायला लागतं आणि त्याचं छातीकडचं टोक सर्वांत शेवटी, पंचविशीच्या आसपास, पूर्ण जुळतं. जन्माच्या वेळी शरीरात तीनशेच्या जवळपास वेगवेगळे हाडांचे भाग असतात. पुढे ते जुळत जुळत 206 होतात. सुश्रुतानेही हाडांची संख्या तीनशे सांगितली आहे, पण त्याने दात आणि कूर्चाही त्यात मोजल्या होत्या. मऊ, वाकणाऱ्या कूर्चेला त्याने तरुणास्थी असं वेगळं स्थान दिलं होतं.

उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांजवळ उरलेल्या कूर्चेच्या पातळ चकतीत, ग्रोथ प्लेटमध्ये. तिथल्या पेशी रांगेने विभागत जातात, फुगतात, त्यांच्याभोवती खनिज साचतं, त्या मरतात आणि त्यांच्या जागी हाड येतं. वयात आल्यावर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे, मुलींत आणि मुलांतही, ही चकती हळूहळू मिटते. मुलींत ती मुलांच्या आधी मिटते. ती मिटली की उंची थांबते.

हे काम करणाऱ्या पेशी मुख्यतः तीन. ऑस्टिओब्लास्ट आधी कोलॅजनचा थर घालतात आणि काही दिवसांनी त्यात खनिज बसतं. त्यांतल्या काही आपणच घातलेल्या थरात अडकतात आणि ऑस्टिओसाइट होतात. हाडातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी याच. केसाहून बारीक नळ्यांमधून त्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि हाडावर पडणारा भार त्यांना जाणवतो. कुठे हाड वाढवायचं, कुठे काढायचं याचे संकेत त्याच देतात. तिसरी ऑस्टिओक्लास्ट ही अनेक केंद्रकं असलेली मोठी पेशी. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कुळातली ही पेशी हाडाला चिकटते आणि आम्ल सोडून ते विरघळवते. दोन-तीन आठवडे खणणं आणि मग तीन-चार महिने भरणं, असं हे चक्र चालतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं, खणणं भरण्याच्या पुढे जातं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात.

या पेशींची खरी कसोटी हाड मोडल्यावर लागते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं माणसांवर कोसळली. हजारो गेले, वाचलेल्यांपैकी कित्येकांची हाडं मोडली होती. मोडलेलं हाड सांधताना गर्भातलीच वाट पुन्हा चालतं. आधी रक्ताची गाठ, मग कूर्चा, मग कच्चं हाड आणि शेवटी भार ओळखून पक्कं हाड. कातडीवर जखमेचा व्रण राहतो. हाड मात्र हाडानेच भरून येतं.

आता आपल्या पाण्याकडे वळते. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला आहे, पण नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय भागात देगलूर-बिलोलीकडे त्याखालचा जुना ग्रॅनाइट वर येतो. ग्रॅनाइटमधल्या काही खनिजांत फ्लोराइड असतं आणि खडकात दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात ते उतरतं. किनवटसह जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात ते मर्यादेपेक्षा जास्त आढळलं आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यायलं गेलं की ते हाडाच्या स्फटिकातल्या हायड्रॉक्सिल या घटकाची जागा घेतं. नवा स्फटिक एक्स-रेवर दाट दिसतो, पण हाडाचा चिवटपणा घटतो. स्नायुबंध खनिजाने ताठ होतात, पाठ वाकेनाशी होते, मान वळेनाशी होते. मुलांच्या दातांवर डाग पडतात, काहींचे पाय वाकतात. जेवणात कॅल्शियम कमी असेल तर हा त्रास वाढतो. भारतात हाडांचा हा आजार 1937 मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून नोंदला गेला. ताठलेली पाठ पुन्हा सरळ करणारं औषध अजूनही नाही, म्हणून प्रतिबंध हाच उपचार. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटल्याने उलट त्याचं प्रमाण वाढतं. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत दिली आहे, पण सर्वांत चांगला उपाय म्हणजे सुरक्षित स्रोताचं पाणी.

आता पाण्याकडून ताटाकडे. हाडाची सर्वांत मोठी भरती वयात येताना होते. उंची झपाट्याने वाढते त्या काळातल्या जेमतेम दोन वर्षांत प्रौढ सांगाड्यातल्या खनिजाचा सुमारे चौथा हिस्सा जमा होतो. मुलींत ही वर्षं बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आगेमागे येतात. आपल्याकडे नेमक्या याच वयात मुलीच्या ताटातलं दूध आधी कमी होतं, तिचं खेळणं थांबतं, आणि अजूनही अनेक घरांत अठरा पूर्ण होण्याआधी तिचं लग्न लागतं. स्वतःची हाडं भरायची राहिलेली मुलगी बाळाच्या हाडांसाठी कॅल्शियम देऊ लागते. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ज्वारीत कॅल्शियम थोडं. तिच्यासोबत तिळाची किंवा कारळाची चटणी, ताक, पालेभाजी आणि अंगावर ऊन हवं. आणि तिला धावू द्यायला हवं, कारण भार जाणवल्याशिवाय ऑस्टिओसाइट हाड वाढवायचा संकेत देत नाहीत.

चाळिशीनंतर गोळ्या घेऊन ही भरपाई पूर्ण होत नाही. म्हणून माझं सांगणं दोन गोष्टींचं आहे. ज्या गावात शाळेला किंवा अंगणवाडीला बोअरचं पाणी आहे, तिथल्या ग्रामसभेने त्या पाण्याची फ्लोराइड तपासणी मागावी आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. आणि सहावी-सातवीतल्या मुलीच्या ताटात भावाइतकंच दूध-ताक असावं, मैदानावर तिला भावाइतकाच वेळ मिळावा. तिच्या साठीतल्या हाडाचं बरंचसं भवितव्य या दोन गोष्टींत ठरतं, आणि त्या दोन्ही आपल्या हातात आहेत.