मोर्सची परीक्षा गेली, मग माणसे आली का?

हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, चार जण एकत्र जमले की दोन विषय निघतातच. एक, अँटेना कुठे बांधायची. दुसरा, मोर्सची परीक्षा हवी होती की नको. पहिल्यावर लोक एकमेकांना मदत करतात, दुसऱ्यावर आवाज चढवतात. मला मात्र वाटते, हॅमची संख्या वाढणार की घटणार हे बरेचसे पहिल्याच विषयावर ठरते.

*

परवान्यासाठी मोर्स यायलाच हवे ही अट उगाच घातलेली नव्हती. जहाजे आणि किनाऱ्यावरची केंद्रे मोर्समध्येच बोलत त्या काळात एखाद्या हौशी माणसाच्या ट्रान्समीटरने त्यांच्या कामात व्यत्यय आणला, तर ‘बंद कर’ हा निरोप त्याला मोर्समध्येच कळणार होता. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांतून ही अट हळूहळू मागे हटत गेली. 1947 साली ती 1000 मेगाहर्ट्झच्या खाली लागू होती, 1959 साली 144 च्या खाली, 1979 साली 30 च्या खाली. 1 फेब्रुवारी 1999 पासून जहाजांची संकटकाळची यंत्रणा उपग्रह आणि नव्या रेडिओ पद्धतींवर गेली. 2003 साली जिनिव्हाच्या परिषदेने उरलेली सक्तीही काढली आणि निर्णय ज्या त्या देशावर सोपवला. अटीमागचे कारण आधी गेले होते, अट नंतर गेली.

*

अमेरिकेत हे टप्प्याटप्प्याने झाले. 1991 साली टेक्निशियन वर्गाचा परवाना मोर्सशिवाय मिळू लागला, पण त्यावर 30 मेगाहर्ट्झच्या वरच्याच लहरी मिळत. दूर देशांशी बोलायच्या शॉर्टवेव्हसाठी मोर्सचा वेग मिनिटाला 13 शब्द लागे, सर्वांत वरच्या परवान्यासाठी 20. 2000 साली सगळ्यांसाठी 5 शब्द. 23 फेब्रुवारी 2007 पासून शून्य.

त्या वेळी तिथे साडेसहा लाखांच्या आसपास परवाने होते आणि आकडा काही वर्षे उतरत चालला होता. पुढच्या दहा वर्षांत तो साडेसात लाखांच्या जवळ गेला. म्हणजे परीक्षा काढल्याने दार उघडले, हे मान्य करायलाच हवे. पण अट उठल्यावर जी पहिली गर्दी झाली, तिच्यात आधीच टेक्निशियन असलेली माणसे पुष्कळ होती. त्यांना वरचा वर्ग मिळाला, शॉर्टवेव्ह खुली झाली. ती आनंदाचीच गोष्ट, पण ही माणसे बाहेरून आलेली नव्हती.

आणि तिथला परवाना दहा वर्षांचा असतो. माणसाने सेट विकून टाकला, किंवा माणूसच गेला, तरी मुदत संपेपर्यंत नाव यादीत राहू शकते. परवान्यांची यादी आणि हवेत ऐकू येणारे आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहभाग मोजायचा तर दुसरी मोजायला हवी, आणि ती मोजणे अवघड.

*

या वादात जपानचे नाव फार थोडे जण घेतात. याचे मला नवल वाटते, कारण हा प्रयोग जपानने फार आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर केला. तिथे 1950 च्या दशकाच्या अखेरीपासूनच मोर्सशिवाय, केवळ बोलण्यासाठीचा प्राथमिक परवाना मिळू लागला. शक्ती कमी, पण शॉर्टवेव्हसुद्धा खुली. शाळकरी मुलांनी तो काढला. 1987 साली स्कीइंगवरचा एक चित्रपट आला. त्यातली तरुण मंडळी बर्फाच्या उतारांवर हातातल्या हॅम सेटवर एकमेकांशी बोलत होती. ते पाहून परवान्यासाठी रांगा लागल्या. 1995 च्या सुमारास जपानमध्ये तेरा लाखांहून अधिक हौशी केंद्रे होती. अमेरिकेच्या जवळजवळ दुप्पट.

मग खिशात मोबाइल आला. आज तो आकडा चार लाखांच्याही खाली आहे. त्या प्राथमिक परवान्याला मोर्सची अट तेव्हाही नव्हती, आताही नाही. माणसे आली ती मित्रांशी बोलायला, आणि बोलायला सोपे साधन मिळताच गेली. तिथे केंद्राच्या परवान्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यामुळे हा आकडा अमेरिकेच्या आकड्यापेक्षा खरा मानावा.

*

परीक्षेच्या बाजूने बोलणारे म्हणतात, मोर्समुळे खरी आस्था असलेलीच माणसे आत येत. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण मोर्सवरच्या प्रेमातच आहे.

मिनिटाला 5 शब्दांच्या वेगाला एक डिट, म्हणजे ठिपका, जवळपास पाव सेकंदाचा असतो. इतक्या संथ गतीत मेंदू ठिपके आणि रेघा मोजत बसतो, मनातल्या तक्त्यात अक्षर शोधतो आणि कागदावर उतरवतो. परीक्षा पास होते. पण दहा शब्दांच्या आसपास हा शोध पुरा पडत नाही आणि शिकणारा तिथेच अडकतो. पुढे जायचे तर तक्ता विसरून प्रत्येक अक्षराचा नाद अखंड ओळखावा लागतो, जसा तबल्याचा बोल कानाला एकदम कळतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांनी 1930 च्या दशकात सुचवलेली रीत हीच: पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगात, पण दोनच अक्षरे. ती पक्की झाली की तिसरे.

पाच शब्दांच्या परीक्षेने हजारो लोकांना नेमके उलटे शिकवले. त्यांनी प्रमाणपत्र घेतले आणि मोर्सची कळ पुन्हा हातात धरली नाही. त्या परीक्षेने माणसे अडवली हे एक, पण तिने मोर्सवरचे मनही उडवले. हे दुसरे मला जास्त लागते.

*

मोर्स मरेल अशी भीती होती. मेला नाही. अमेरिकेत आणि युरोपात मोर्स शिकवणारे क्लब अट गेल्यानंतर जोमाने उभे राहिले, आणि शिकायला येतात त्यांच्यात परीक्षेचे तोंडही न पाहिलेली माणसे आहेत. कारण व्यावहारिक आहे. आवाजाला हवेत सुमारे अडीच ते तीन हजार हर्ट्झ जागा लागते, मोर्सला दीडशेच्या आसपास पुरते. सगळी शक्ती त्या चिंचोळ्या पट्टीत एकवटते. पाच वॅट आणि झाडाला बांधलेली तार एवढ्यावर समुद्रापलीकडचा माणूस उत्तर देतो. ज्याने हे एकदा अनुभवले त्याला सक्तीची गरज उरत नाही.

*

मोर्सखेरीज दुसरीही एक वाट निघाली. 2017 साली एफटी-8 आले. नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासह आखलेली ही संगणकी पद्धत. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीत संदेश जातो-येतो, कान लावावाच लागत नाही. ज्यांना घरी मोठी अँटेना शक्य नाही अशा कितीतरी जणांना तिने पुन्हा हवेत आणले. मला ती रूक्ष वाटते, पण माणसे परत आली हे खरे.

*

आपल्याकडे 2009 च्या दुरुस्तीनंतर परवान्याचे दोन वर्ग राहिले. रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही, जनरलला मिनिटाला 8 शब्दांची चाचणी ठेवली. पूर्वी पहिल्या श्रेणीला 12 होती. बारा वर्षांचा मुलगाही रिस्ट्रिक्टेड परवाना काढू शकतो. तरी सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशात हॅमची संख्या हजारांतच राहिली. मोर्स हाच बांध असता तर पाणी केव्हाच वाहायला हवे होते.

बांध दुसरीकडे आहे. तयार परदेशी सेटची किंमत पाहूनच विद्यार्थी मागे फिरतो. हैदराबादच्या अशर फरहान यांनी याच अडचणीवर घाव घातला. बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या सुट्या भागांतून जोडता येईल असा बिटएक्स हा बोलण्याचा सेट त्यांनी आखला, आराखडा सगळ्यांना खुला ठेवला, आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. नव्या माणसाला आत आणण्याच्या दृष्टीने मी हे काम कुठल्याही नियमबदलाच्या वर ठेवीन.

*

दुसरा बांध अँटेनेचा. 40 मीटरच्या पट्ट्यासाठी साधी अर्धलहरी तार जवळजवळ 66 फूट लांब लागते. मुंबई-पुण्यात सोसायटीच्या गच्चीवर ती बांधायची म्हणजे कमिटीची परवानगी, विजेची भीती घालणारे शेजारी, वॉटरप्रूफिंगवाल्यांचा विरोध. परवाना हातात घेऊन वर्ष-वर्ष गप्प बसलेली तरुण माणसे मी पाहिली आहेत. त्यांना मोर्सने अडवले नव्हते.

प्रत्येक हॅम क्लबने दुसरे काही केले नाही तरी चालेल, एक उंच गच्ची, एक सेट आणि आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ राखावी. परीक्षेला बसलेल्या मुलीला जुन्या माणसाच्या शेजारी खुर्ची द्यावी, निकालाआधीच. तिने आवाज ऐकावेत, हवे असेल तर मोर्सचे दोन नाद कानात साठवावेत, आणि परवाना आला की त्याच खुर्चीवरून पहिली हाक द्यावी.