शंभर पणत्या

आखाडा बाळापूरला हिंगोली–नांदेड रस्त्याच्या कडेला, खत-बियाणांच्या एका दुकानाच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. लोखंडी जिना, जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग आणि आत सात कॉम्प्युटर. मॉनिटरवर उशीच्या अभ्र्यासारखी शिवलेली कापडं. ती कापडं घडी घालून ठेवायचं काम ज्याचा तास पहिला त्याचं. खालून युरियाचा वास यायचा, रस्त्यावरून एसटी गेली की काचा थरथरायच्या. साल 2002.

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला होता. नवा जिल्हा, नवी कार्यालयं, म्हणजे जागा निघणार, असं घरोघरी बोललं जायचं. 2001 पासून एमएस-सीआयटी सुरू झाली होती आणि हे प्रमाणपत्र असलं की नोकरीला बरं पडतं, हे एव्हाना कळमनुरी तालुक्यातल्या वाडीवस्तीपर्यंत पोचलं होतं. वडिलांनी हळदीच्या पैशातून माझी फी भरली. घरी कॉम्प्युटर असण्याचा प्रश्नच नव्हता. दिवसातला एक तास, तोही भारनियमनाच्या वेळापत्रकातून वाचला तर. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत तुकड्या चालायच्या. माझी संध्याकाळी पाचची, कॉम्प्युटर नंबर चार.

पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी उंदराचं उजवं बटन रिकाम्या पडद्यावर दाबलं गेलं आणि एक यादी उघडली. तिच्या तळाशी ‘प्रॉपर्टीज’. त्यामागचं दालन पाहून मी हरखून गेलो. पडद्याचा रंग बदलता येतो, खिडक्यांच्या कडा बदलता येतात, बाणाच्या जागी डायनासोर ठेवता येतो, कचऱ्याच्या टोपलीचं चित्रसुद्धा दुसरं लावता येतं! विंडोज 98 होतं ते. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, “काय करायलास रे? रंगरंगोटी शिकायला आलास का?” पण थांबवलं नाही. त्या बाबतीत आमचे सर फार मोठ्या मनाचे.

आम्हा पोरांचा पहिला उद्योग स्क्रीनसेव्हरचा. त्या काळच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर एकच चित्र फार वेळ राहिलं तर आतल्या फॉस्फरवर त्याचा कायमचा डाग पडायचा. तो पडू नये म्हणून हलतं चित्र. कारण असं व्यवहारी, पण आमच्यासाठी तो सिनेमा होता. काळ्या पडद्यावर वाढत जाणारे पाइप, विटांच्या भिंतींची भूलभुलैया, अंगावर येणारे तारे. आणि ‘मार्की’! त्यात आपण लिहू ते वाक्य पडद्यावरून सरकत जायचं. त्याचा फॉन्ट बदलता येतो हे कळल्यावर कुणीतरी ‘शिवाजी’ फॉन्ट निवडला. इंग्रजी बटनांवर भलतीच अक्षरं टाइप केली आणि पडद्यावरून स्वतःचं नाव चक्क देवनागरीत चालत गेलं. त्या दिवशी सगळी तुकडी नंबर दोनच्या कॉम्प्युटरभोवती उभी होती. मी लगेच माझ्याकडं आयकॉनखालच्या नावांनाही तोच फॉन्ट लावला, तर ‘माय कॉम्प्युटर’चं कुणालाच वाचता न येणारं कडबोळं झालं. ती अक्षरं नुसती दिसायला मराठी होती. आत अजून इंग्रजीच बसलेली होती.

खरी गोष्ट त्यानंतरची. दिवाळी जवळ आली होती. सोयाबीन घरात आलं होतं, हळद रानात हिरवीगार उभी होती. मी पेंटमध्ये 64 बाय 64 ठिपक्यांचा एक चौकोन घेतला, चित्र मोठं केलं, जाळी चालू केली आणि एकेक ठिपका भरत पणती काढली. तिच्या दोन्ही बाजूंनी वेल. पेंटच्या फाइल मेन्यूत ‘सेट अॅज वॉलपेपर, टाइल्ड’ होतं, ते दाबलं. एका पणतीच्या क्षणात ओळीच्या ओळी झाल्या. फरशी बसवावी तशी ती पडदाभर पसरली. माय अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढते तेव्हा ठिपके मोजून मांडते, मग रेघ ओढते. हातात उंदीर असला तरी मी तेच करत होतो.

पुढं कितीतरी वर्षांनी वाचलं की 24 जानेवारी 1984 ला अॅपलचा पहिला मॅकिंटॉश आला, तेव्हा त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पडद्याची नक्षी बदलायची सोय अशीच होती: आठ बाय आठ, चौसष्ट ठिपके, काळे नाहीतर पांढरे. त्याची चिन्हं काढणाऱ्या सुझन केअर यांनी ती आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढली होती. भरतकाम आणि मोझॅक त्यांच्या हाताला आधीपासून ठाऊक होतं. विंडोज 3.0 मधले पत्त्यांच्या खेळाचे पत्तेही त्यांचेच. म्हणजे कॉम्प्युटरचा दर्शनी चेहरा ज्या हाताने घडवला, त्या हाताला टाका मोजायची सवय होती. मला या माहितीने अतोनात आनंद झाला. बाळापूरच्या अंगणातली बाई त्या जाळीसमोर बसली असती, तर तिला कोणी शिकवावं लागलं नसतं.

तर माझी पणती. दोन दोष होते. उजव्या कडेने बाहेर पडणारी वेल शेजारच्या चौकोनात शिरताना तीन ठिपके खाली यायची, म्हणून प्रत्येक सांध्यावर तुटल्यासारखी दिसायची. दुसरं, पडदा 800 बाय 600 चा. 800 ला 64 ने भागलं की साडेबारा येतात. उजव्या कडेला पणत्यांची एक अख्खी रांग अर्धी कापलेली. मला ते खुपत होतं, पण तास संपला. फाइलला इंग्रजी अक्षरांत ‘दिवा’ नाव दिलं आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी पाचला बसलो तर वेल जुळलेली! डावीकडून उजवीकडं अखंड, जणू साडीचा काठ. ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये नवी फाइल होती, नाव इंग्रजी अक्षरांत: ‘वेल जोडली’. सकाळी सातच्या तुकडीतल्या कुणीतरी हे केलं होतं, कारण फाइलवर वेळ सकाळची होती. मी ज्योतीला पिवळ्याशेजारी नारिंगी रंग भरला आणि फाइलचं नाव ठेवलं ‘ज्योत कशी वाटली’. उत्तर आलं: ‘ज्योत छान, बुड जड करा’. खरंच, पणतीचं बूड किरकोळ दिसत होतं. विंडोज 95 पासून फाइलचं नाव ऐसपैस, वाक्यभर ठेवता येत होतं. ती सोय आमच्यासारखी किती जणांनी पत्रासारखी वापरली असेल!

असं आठ-नऊ दिवस चाललं. मी कुणाला विचारलं नाही, तिकडूनही कुणी नाव सांगितलं नाही. मुलगा की मुलगी, बाळापूरचं की वारंगा फाट्याकडून येणारं, काही ठाऊक नव्हतं. एवढं कळत होतं की पलीकडचं माणूस बारकाईने बघणारं आहे.

सुट्टीच्या आदल्या दिवशी क्लासला गेलो तर सर नंबर चारपाशी गोंधळून उभे. “स्टार्ट कुठं गेलं रे याचं?” पडद्यावर खालची पट्टीच नव्हती. मी बाण खाली नेला तशी ती हळूच वर आली. सकाळच्या माणसाने पट्टी आपोआप लपेल अशी करून ठेवली होती. कारण पडद्याकडं पाहिल्यावर लक्षात आलं. चौकोन आता 64 बाय 64 चा नव्हता, 80 बाय 60 चा होता. आडव्या दहा, उभ्या दहा. बरोबर शंभर पणत्या, एकही कापलेली नाही, आणि खालची ओळ पट्टीखाली झाकू नये म्हणून पट्टी लपवलेली. फाइलचं नाव होतं ‘आता पूर्ण’.

सर खुर्ची ओढून बसले. कितीतरी वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “राहू दे असंच.” वीज जायला वीस मिनिटं होती. मी काहीही शिकलो नाही त्या तासाला. फ्लॉपीवर फाइल उतरवून घेतली आणि बघत बसलो.

सुट्टीनंतर आलो तर नंबर चारला फॉरमॅट मारलेला. व्हायरस शिरला होता म्हणे. पडदा पुन्हा कोरा, निळसर हिरवा. सातच्या तुकडीची परीक्षा होऊन ती संपली होती.

2004 मध्ये क्लासला विंडोज एक्सपी आलं आणि सगळ्या पडद्यांवर तीच हिरवी टेकडी आणि निळं आभाळ दिसू लागलं. ती हाताने काढलेली असणार यावर आमची पैज लागली होती. खरं तर तो फोटो. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने जानेवारी 1996 मध्ये कॅलिफोर्नियात, सोनोमा भागात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून काढलेला. मुळात ती द्राक्षाची जमीन. फिलॉक्सेरा कीड पडून वेली काढाव्या लागल्या म्हणून तिथं गवत होतं. वडिलांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, “मंग फुडं काय लावलं त्यानं?” पुढं तिथं पुन्हा द्राक्षंच लावली गेली, हे मला सांगता आलं, याचं समाधान वाटतं.

एक्सपीने दिलेली मोठी गोष्ट वेगळीच. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’, तिथं एका चौकटीत खूण करायची, मग ते सीडी मागायचं. सीडी फिरायची, कॉम्प्युटर बंद होऊन चालू व्हायचा, आणि डेस्कटॉपवरच्या फोल्डरला मराठीत नाव देता यायचं. खरं मराठी, आतून बाहेरून. ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये ते दिसायचं तो र. कृ. जोशी यांनी घडवलेला. कवी माणूस, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवलेले. 2008 मध्ये गेले. माझ्या पहिल्या मराठी फोल्डरचं नाव होतं ‘हळद’. वडिलांचा हिशोब त्यात होता. त्यांना कॉम्प्युटर चालवता येत नव्हता, पण पडद्यावर बोट ठेवून ते फोल्डर त्यांनी ओळखलं. जोशी सरांचे आभार मानायचे माझ्याकडून राहूनच गेले, ते इथं मानतो.

फ्लॉपीतली ती फाइल मी सीडीवर घेतली, सीडीवरून पेनड्राइव्हवर, आणि आता ती घरच्या कॉम्प्युटरवर आहे. 14,454 बाइट. आजच्या एका मोबाइल फोटोत तशा दोनशे फाइली मावतील. दर दिवाळीला वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत तीच पडद्यावर असते. ‘टाइल’ हा पर्याय विंडोजने अजून काढलेला नाही. माझा पडदा आता 1920 बाय 1080 चा आहे. परवा सहज भागाकार केला. 1920 ला 80 ने, 1080 ला 60 ने. आडव्या चोवीस, उभ्या अठरा. 432 पणत्या, आणि कडेला आजही एकही अर्धी नाही.

आखाडा बाळापूरच्या त्या माडीवर, 2002 च्या दिवाळीआधी, सकाळी सातच्या तुकडीत नंबर चारवर जे कोणी बसत होतं, त्यांच्या वाचनात हे आलं तर या अंकाच्या पत्त्यावर एक कार्ड टाकावं. फाइल पाठवतो.